कृती की करमणूक?

एखाद्या चांगल्या शब्दाची अवनती व्हावयाची असली म्हणजे तो प्रथम सर्वांच्या तोंडी बसतो. ‘कृतियुक्त शिक्षण’ या शब्दाची सांप्रत अशीच अवस्था झाली आहे. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवातून होणाऱ्या शिक्षणाचा उघड पुरस्कार केला आणि या शब्दास राजमान्यताही लाभली. आता तो शाळांच्या माहितीपत्रकांत असतो, शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत असतो आणि खेळण्यांच्या दुकानांतील रंगीत पेट्यांवरही असतो. शब्द इतका सुलभ झाला की त्याचा अर्थ काय, हे विचारण्याचे कारणच कोणास उरले नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तो प्रश्न विचारणार आहो, आणि तोही एका विषयापुरता. आनुवंशशास्त्र व डीएनए हा विषय आमच्या शाळांतून व महाविद्यालयांतून ज्या ‘कृतीं’च्या द्वारे शिकविला जातो, त्या कृती विद्यार्थ्यास काही शिकवितात, की केवळ त्याचे हात गुंतवून ठेवितात? आमचे उत्तर आम्ही प्रारंभीच सांगून टाकतो. यांपैकी बहुतेक कृती शोभेच्या आहेत, काही निरर्थक आहेत, आणि एकदोन तर उघड असत्य शिकविणाऱ्या असून त्यांचा उपद्रव वर्गाबाहेर घराघरांत पोचण्यासारखा आहे.

एवढ्यावरून आम्ही जुन्या पद्धतीचे कैवारी आहो, असा समज कोणी करून घेऊ नये. फळ्यावर व्याख्या, वहीत व्याख्या आणि उत्तरपत्रिकेत तीच व्याख्या, असा जो शिक्षणाचा प्रवास आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याविषयी आम्हांस यत्किंचितही प्रेम नाही. आमची तक्रार अशी, की त्या रोगावर जे औषध म्हणून आणले ते रंगीत वेष्टनातील तोच रोग निघाला. पूर्वी विद्यार्थी दुसऱ्याचे उत्तर पाठ करीत असे; आता तो दुसऱ्याचे उत्तर मण्यांत ओवतो. दोन्ही ठिकाणी उत्तर आधीच ठरलेले असते, आणि विद्यार्थ्याच्या डोक्यास त्या उत्तराशी झगडण्याचा प्रसंग येत नाही. म्हणून कृतीची परीक्षा करण्यासाठी आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. जी कृती करीत असता विद्यार्थ्याचा अंदाज चुकण्याचा संभवच नाही, ती कृती नव्हे, करमणूक होय.

ही कसोटी आम्ही घरी बसून बनविलेली नाही. आनुवंशशास्त्र ज्या कृतीतून जन्मास आले, त्या कृतीकडे पाहूनच ती आम्हांस सुचली. ब्रनो येथील मठात ग्रेगोर मेंडेल याने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची सुमारे २८,००० रोपे वाढविली व तपासली. वाटाण्याचे संकर त्याच्या पूर्वी इतरांनीही केले होते, आणि एका पिढीत लोपलेला गुण पुढच्या पिढीत पुनः डोके वर काढतो हेही इतरांनी पाहिले होते. मेंडेलने केलेली नवी गोष्ट एकच: त्याने मोजले. दुसऱ्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले. ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे. तिनास एक हे प्रमाण त्याला कोणा ग्रंथात सापडले नाही, ते या मोजदादीतून उगवले. आणि त्याच्या १८६६ साली छापून आलेल्या निबंधात आणखी एक गोष्ट आहे, जी आमची पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत. एकेक रोप वेगळे घेऊन पाहिले तर हे प्रमाण पार विस्कटते, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवून ठेविले आहे. एका रोपावर ४३ दाणे गोल आणि अवघे २ सुरकुतलेले निघाले; दुसऱ्यावर १४ गोल तर १५ सुरकुतलेले! नियम हजारोंच्या बेरजेत दिसतो, एकट्यादुकट्यात तो दिसेलच असे नाही, हे या शास्त्राचे पहिले सूत्र आहे. आमच्या वर्गांत मात्र चार घरांची चौकट आखून तीत अक्षरे भरली की मेंडेल संपतो. विद्यार्थ्याच्या मनावर ठसते ते एवढेच, की कोणत्याही चारांत तीन असे आणि एक तसा असतो. हा ठसा किती महागात पडतो, ते पुढे दिसेलच.

आता प्रचलित कृती एकेक घेऊन पाहू. पहिली मण्यांच्या शिडीची. दोन तारा घ्याव्यात, त्यांवर चार रंगांचे मणी ओवावेत, अमुक रंगासमोर तमुक रंग येईल अशी खबरदारी घ्यावी आणि शेवटी शिडीस पीळ द्यावा, की झाला डीएनए तयार! विज्ञान-प्रदर्शनात ती शिडी मांडली जाते, पाहुणे मान डोलावतात, पालक छायाचित्र काढून घेतात. त्या विद्यार्थ्यास हळूच विचारावे, ‘तांबड्यासमोर हिरवाच मणी का बाळ?’ उत्तर येते, ‘बाईंनी सांगितले.’ पेशीतील डीएनएचा नेहमीचा पीळ साध्या स्क्रूप्रमाणे उजव्या वळणाचा असतो. या शिड्यांपैकी कित्येक डाव्या वळणाच्या असतात, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. येणार कसे? वळण चुकल्याने त्या शिडीचे काहीच बिघडत नाही.

याच्या उलट, ज्या प्रतिकृतीतून डीएनएची रचना खरोखर उमगली, तिचा इतिहास पाहावा. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५१ साली केंब्रिज येथे पहिली प्रतिकृती उभारली ती तीन धाग्यांची होती आणि फॉस्फेटचे गट तिच्या मध्यभागी कोंबलेले होते. लंडनहून आलेल्या रोझालिंड फ्रँकलिन यांनी ती पाहिली, आणि तीत पाण्यास धरलेली जागा फारच अपुरी आहे हे दाखवून तिचा निकाल लावला. पुढे १९५३ च्या फेब्रुवारीत वॉटसन पुठ्ठ्याचे तुकडे कापून जोड्या जुळवीत बसला. प्रथम त्याने सारख्यास सारखे जोडले. जेरी डोनह्यू या रसायनज्ञाने त्याला सांगितले, की तू ज्या आकृत्या ग्रंथांतून घेतल्यास त्याच चुकीच्या आहेत. नवे तुकडे कापले गेले, आणि ए-टी व जी-सी या दोन जोड्यांची रुंदी अगदी सारखी आहे हे एकदम दिसून आले. ए आणि टी यांची मात्रा सारखी, जी आणि सी यांची सारखी, हे चारगाफने १९५० साली प्रसिद्ध केलेले कोडे त्याबरोबरच सुटले. पुठ्ठ्याचे तुकडे आणि रंगीत मणी यांत वस्तू म्हणून फारसे अंतर नाही. परंतु ते पुठ्ठे चुकू शकत होते आणि दोनदा चुकले. आमचे मणी कधीच चुकत नाहीत. सारा फरक येथे आहे.

हीच कृती वर्गात खरी करणे फार कठीण आहे काय? मुळीच नाही. चारगाफच्या धर्तीचे आकडे फळ्यावर लिहावेत: मनुष्याच्या डीएनएत ए व टी सुमारे तीस-तीस टक्के, जी व सी सुमारे वीस-वीस टक्के. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांतून दोन मोठे आणि दोन लहान असे चार आकार कापून द्यावेत. मोठे ते ए आणि जी, लहान ते टी आणि सी. दोन समांतर रेषा आखून सांगावे, की पायरी कोणतीही असो, या रेषांमधील अंतर बदलता कामा नये. मोठ्यास मोठा जोडला तर तो रेषेबाहेर जातो. लहानास लहान जोडला तर मध्ये फट राहते. मोठ्यास लहान जोडावा तर दोन मार्ग उरतात, आणि त्यांतला कोणता खरा ते टक्केवारीचे आकडे सांगतात. येथे विद्यार्थी चुकेल, शेजाऱ्याशी वाद घालील, तुकडे पुनः मांडील. ‘बाईंनी सांगितले’ हे उत्तर त्यानंतर त्याच्या तोंडून येणार नाही.

दुसरी कृती फळातून डीएनए काढण्याची. केळे किंवा स्ट्रॉबेरी कुस्करावी, मीठ आणि भांडी घासण्याचे द्रावण घातलेल्या पाण्यात कालवावी, गाळावी आणि वरून थंडगार स्पिरिट सावकाश सोडावे. दोहोंच्या सीमेवर पांढुरके तंतू तरंगू लागतात. महाबळेश्वरकडे पिकणाऱ्या बागायती स्ट्रॉबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे हे तंतू भरपूर निघतात. दृश्य मनोहर आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ‘हा पाहा डीएनए’ असे शिक्षकाने म्हणताच विचाराचा दरवाजा बंद होतो. तो डीएनएच आहे हे कशावरून? वस्तुतः त्या पांढऱ्या गुंत्यात डीएनएखेरीज प्रथिने असतात, फळातील पेक्टिनही असते, आणि स्पिरिटाने पेक्टिनचाही साका बसतो. एक भांडे साबणाशिवाय, एक मिठाशिवाय, आणि एक फळाशिवाय नुसत्या मीठ-साबणाच्या पाण्याचे, अशी आणखी तीन भांडी शेजारी ठेवावीत. कोणत्या भांड्यात काय होईल ते आधी प्रत्येकाकडून लिहून घ्यावे, आणि मग स्पिरिट ओतावे. साबणाशिवायही काही धागे दिसले तर शिक्षकाने घाबरून जाऊ नये. तो घोटाळा हाच धडा आहे. तीन भांडी वाढविण्यास खर्च काहीच येत नाही. वाढते ती अनिश्चितता, आणि आमच्या शाळांना तिचेच भय वाटते.

येथवर सांगितलेल्या कृती फार तर वेळ दवडितात. तिसरी कृती मात्र अपाय करणारी आहे, आणि तिच्यासाठीच मुख्यतः आम्ही लेखणी उचलली. जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून तिची नळी करता येते की नाही, कानाची पाळी सुटी आहे की गालास चिकटलेली, हे वर्गातील मुलांनी एकमेकांत पाहावे, घरी जाऊन आईबापांत पाहावे, आणि त्यावरून आनुवंशिकतेचा नियम काढावा, ही ती कृती. एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात कानाच्या पाळ्यांची कृती वर्षानुवर्षे छापली गेली असून, आईबापांच्या पाळ्यांशी मुलांच्या पाळ्या ताडून नियम सुचवावा असे तीत सांगितलेले आहे. जिभेची कृती तर जगभर पसरलेली आहे. दोहोंतून निघणारा नियम वर्गात ठरलेलाच असतो: एक गुण प्रभावी, दुसरा अप्रभावी, जोडी एका जनुकाची. आणि हा नियम खोटा आहे!

जिभेची गोष्ट १९४० साली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट याने प्रथम मांडली. हा कोणी सामान्य मनुष्य नव्हे. फळमाशीच्या गुणसूत्राचा पहिला नकाशा १९१३ साली यानेच काढला. परंतु १९५२ साली एकरूप जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासण्यात आल्या, तेव्हा ७ जोड्यांत एकास जिभेची नळी करता येते आणि दुसऱ्यास येत नाही असे आढळले. एकरूप जुळ्यांची जनुके सारखी. तेव्हा हा गुण एका जनुकाच्या हुकमाने चालत नाही हे उघड झाले. स्टर्टेव्हंटने स्वतः १९६५ च्या आपल्या ग्रंथात, हे उदाहरण अजून सिद्ध म्हणून दिले जाते याबद्दल संकोच व्यक्त केला. कानाच्या पाळीची कथाही हीच. सुटी आणि चिकटलेली असे दोनच प्रकार नाहीत. मध्ये सर्व पायऱ्या आहेत, आणि २०१७ साली सत्तर हजारांहून अधिक माणसांच्या अभ्यासातून या एका पाळीशी संबंध असणारी ४९ जनुकीय स्थाने प्रसिद्ध झाली. ज्याने सिद्धान्त मांडला त्यानेच तो टाकून दिला, आणि आम्ही मात्र तो मुलांकडून ‘शोधून’ घेतो!

एवढ्याशा जिभेवरून इतका गहजब कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने पुढील गोष्टीचा विचार करावा. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी वर्गात जिभेची नळी करून दाखविते. घरी गेल्यावर पाहते, तो आईस ते येत नाही आणि वडिलांसही येत नाही. दुसऱ्या दिवशी शास्त्र तिला सांगते, की प्रभावी गुण आईबापांपैकी एकात असलाच पाहिजे. आता त्या मुलीने काय समजावे? आपण यांची नव्हे, असे? की आईविषयी दुसरेच काही? ती कोणास विचारणार नाही, मनात ठेवील. शाळेने, विज्ञानाच्या नावाने, एका निर्दोष कुटुंबात संशयाचा काटा पेरला, आणि तोही एका असत्याच्या आधाराने! तीस मुलांच्या वर्गात असा प्रसंग येणे मुळीच दुर्मिळ नाही. ज्या कृतीची सामग्री मुलांचे आईबाप आहेत ती वर्गात करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग करावे काय? नाणी उडवावीत. हा उपाय हास्यास्पद वाटेल इतका साधा आहे, पण त्याच्या अभावी काय होते ते पाहा. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग विदर्भात, नंदुरबारकडे आणि देशाच्या इतर कित्येक आदिवासी भागांत मोठ्या प्रमाणावर आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाली, आणि २०४७ पर्यंत उद्दिष्ट गाठावयाचे असे ठरले. मोहिमेत रक्ततपासणी होते, मनुष्यास कार्ड मिळते, आणि त्यावर तो निरोगी, वाहक की रुग्ण हे लिहिलेले असते. कार्ड सरकार देईल. ते वाचण्याची बुद्धी कोण देणार? वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. त्याच्याजवळ सदोष जनुकाची एकच प्रत असते आणि तो बहुधा धडधाकट असतो. दोन वाहकांचा विवाह झाला तरच प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारात एक असतो. आता शाळेत भरलेली ती चार घरांची चौकट येथे काय सांगते? ‘चारांत एक आजारी, आमचे पहिले मूल आजारी निघाले, तेव्हा पुढची तिघे निर्धास्त!’ याहून घातक समजूत आम्हांस कल्पिता येत नाही, आणि ती अडाण्यांचीच असते असेही नाही. थॅलसेमियाच्या बाबतीत सुशिक्षित शहरी कुटुंबांतूनही ती ऐकू येते.

दोन नाणी घ्यावीत: एक आईचे, एक बापाचे. दोन्हींवर छाप पडली तर मूल आजारी. चारदा उडविले की एक चार मुलांचे कुटुंब झाले. साठ विद्यार्थ्यांनी अशी पाच-पाच कुटुंबे केली की फळ्यावर तीनशे कुटुंबे उभी राहतात. आधी विचारावे, किती कुटुंबांत बरोबर एकच मूल आजारी निघेल? बहुतेक मुले ‘सर्व’ किंवा ‘जवळजवळ सर्व’ असे लिहितील. गणिताचे उत्तर आहे शंभरांत सुमारे ४२. सुमारे ३२ कुटुंबांत एकही मूल आजारी नसते, आणि उरलेल्या २६ कुटुंबांत दोन किंवा अधिक असतात. तीनशेंच्या मोजदादीत हे आकडे थोडेफार इकडेतिकडे होऊन उमटतात, आणि चौकटीने मनात बांधलेला भ्रम डोळ्यांदेखत कोसळतो. मागच्या नाण्याची आठवण पुढच्या नाण्यास नसते, हे वाक्य पाठ करणे निराळे आणि ते स्वतःच्या हाताने अनुभवणे निराळे.

याच नाण्याने आणखी एक जुने पाप धुऊन निघेल. मुलगा की मुलगी हे ठरण्याचा संबंध गुणसूत्रांशी आहे, हे नेटी स्टीव्हन्स या विदुषीने १९०५ साली एका किड्याच्या पेशींत दाखवून दिले. आईकडून एक्स येतो, बापाकडून एक्स किंवा वाय. हा प्रश्न परीक्षेत येतो, त्यास पूर्ण गुण मिळतात, आणि ते पूर्ण गुण मिळविलेला मनुष्य तिसऱ्या मुलीच्या बारशाला बायकोकडे डोळे वटारून पाहतो. ज्ञान उत्तरपत्रिकेत राहिले. हातात आले नाही. कोणी म्हणतात, दोष बापाचा असे शिकवावे. आम्हांस तेही मान्य नाही. मुलगी होणे हा दोषच नव्हे, आणि एक नाणे लागोपाठ तीनदा काट्यावर पडते तेव्हा कोणी त्या नाण्यास दूषण देत नाही. आठांपैकी एका तीन अपत्यांच्या घरात तिन्ही मुलीच असणार, हे ज्याने वर्गात मोजले आहे, त्यास ‘वंशाच्या दिव्या’चा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.

शेवटचे उदाहरण आमच्या घरच्या चालीरीतीतले. आमच्यात सगोत्र विवाह निषिद्ध. चुलत भावंडे तर सख्ख्यांसारखीच. परंतु मामाची मुलगी कित्येक जातींत हक्काची मानली जाते. आता मणी ओवावयाचेच असतील तर येथे कामास लावावेत. आजोबांचे दोन मणी, तांबडा व निळा. आजीचे दोन, पिवळा व हिरवा. त्यांची दोन मुले प्रत्येकाकडून डोळे मिटून एकेक मणी उचलतात. सुनाजावयांचे मणी पांढरे. नातवंडेही तसेच उचलतात, आणि त्या दोन नातवंडांचा विवाह झाला असे धरून त्यांचे अपत्यही उचलते. अपत्याच्या हाती एकाच रंगाचे दोन रंगीत मणी किती वेळा येतात ते मोजावे. सरासरीने सोळांत एकदा येतील. हा खेळ ती दोन मुले भाऊ-भाऊ धरून खेळा, बहिणी-बहिणी धरून खेळा, किंवा भाऊ-बहीण धरून खेळा, उत्तर तेच. मण्यास गोत्र नसते. लिंगसूत्रांचा अपवाद सोडला तर चुलत बहीण आणि मामेबहीण यांचे नाते रक्ताच्या हिशेबी एकाच अंतराचे आहे. उलटपक्षी, दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकास १,०२४ पूर्वजांची स्थाने असतात, आणि गोत्र त्यांतील एकाच स्थानाचा माग सांगते. एवढ्यावरून मामेबहिणीशी लग्न केलेल्यांची अपत्ये रोगी असतात असे कोणी समजू नये. बहुसंख्य निरोगीच असतात. पण पत्रिका जुळवून, नाडी पाहून, गोत्र टाळून ज्यांस निर्धास्त वाटते, आणि थॅलसेमियाची साधी रक्ततपासणी सुचविताच ज्यांस अपमान वाटतो, त्यांच्या मुलांनी हे मणी अवश्य मोजावेत.

आक्षेप येतील. पहिला, वर्गात गर्दी फार. आम्ही म्हणतो, या शास्त्रास गर्दीच हवी; साठ विद्यार्थ्यांचा वर्ग हे मेंडेलचे शेत आहे, सहा जणांच्या वर्गात ते पिकणार नाही. दुसरा, साधने नाहीत. नाणे कोणाच्या खिशात नाही? तिसरा आणि खरा आक्षेप असा, की परीक्षेत हे विचारीत नाहीत. हा मात्र विद्यार्थ्याचा किंवा शिक्षकाचा दोष नव्हे, आणि त्यावर उपाय नाही असेही नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा ग्रामीण शाळांतून प्रयोगाधिष्ठित विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला, पुढे तो शेकडो शाळांत पसरला. तेथे परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मोकळीक असे आणि प्रयोगही करावा लागे, कारण परीक्षेस विचार तपासावयाचा होता. शहरांतील श्रीमंत शाळांच्या पेट्या तेथे नव्हत्या. २००२ साली तो उपक्रम शासनाने बंद केला. परंतु तीस वर्षे जे खेड्यांत चालले ते अशक्य होते, असे आता कोणास म्हणता येणार नाही.

राहता राहिले पालक. कृतीच्या नावाने जो बाजार भरला आहे त्याचे खरे गिऱ्हाईक तेच आहेत, आणि म्हणून त्यांची जबाबदारीही मोठी आहे. मुलाने शाळेतून मण्यांची शिडी आणली म्हणजे तिचे कौतुक करण्यास आमची ना नाही. मात्र कौतुकाबरोबर त्यास एक प्रश्न विचारावा: ‘हे करताना तुझा कोणता अंदाज चुकला?’ त्याला उत्तर देता आले तर त्या शाळेचे आभार मानावेत. उत्तर आले नाही तर शाळेत जाऊन तोच प्रश्न मुख्याध्यापकांस विचारावा, आणि त्यांच्याकडूनही उत्तर न आल्यास घरी येऊन मुलाच्या हाती दोन नाणी द्यावीत.